वैशूच्या नाकातल्या पेशी

११ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. साबुदाणा भिजत घातला तेवढ्यात दवाखान्यातून फोन. वैशूचे हात कामात होते, दुकानदाराला साडीच्या काठाचा नवा नमुना संगणकावर काढून द्यायचा होता. म्हणून फोन खाटेवर ठेवून मोठ्या आवाजात लावला. पलीकडे बाई. मणक्याची जखम, कमरेखाली काहीच जाणीव नाही, वर्ष उलटून गेलं, बरोबर? वै. म्हणाली हो. मग म्हणतात, नाकाचा काही त्रास? सर्दी टिकते का? नाकाचं ऑपरेशन झालेलं?

फोन ठेवला आणि पोरगी हसतच सुटली. "आई, पाठ मोडली माह्यी, न् हे नाकाचं विचारून राहिले."

पेशींचा काही अभ्यास आहे म्हणे. गुरुवारी बोलावलं.

साबुदाणा गिच्च झाला. टाकायचा कसा, तसाच खाल्ला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जाऊन आलो. ऑटोवाला खुर्ची घडी करून मागे बांधायला तयार होईना, ह्यांनी त्याला दोन शब्द सुनावले तेव्हा निघालो.

डॉ. बाई वयाने लहानच. वैशूपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. कागदावर चित्र काढून सांगत होत्या. कळलं तेवढं लिहून ठेवते, नाही तर उद्या विसरेन.

नाकाच्या अगदी वर, भुवयांच्या मधे, जिथे वास कळतो, तिथल्या नसा मरत असतात आणि नव्या येत असतात. जन्मभर. म्हाताऱ्या माणसाच्यासुद्धा. नवी नस आली की तिला हाताला धरून मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या पेशी तिथेच राहतात, त्यांचं कामच ते. वैशूच्या नाकातून त्या थोड्या काढायच्या, बाहेर वाढवायच्या, आणि पाठीतला नसांचा दोर जिथे तुटला आहे तिथे नेऊन ठेवायच्या. तिथल्या नसांनाही त्या वाट दाखवतील अशी आशा. "आशा" हा शब्द त्यांचा, माझा नाही.

मी विचारलं, "मंग वैशू चालेल का?"

"माहीत नाही, काकू."

वैशू पडली तेव्हापासून किती डॉक्टर झाले. कोणी म्हणाले होईल होईल, कोणी म्हणाले आता विसरा. माहीत नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले.

आणखी एक विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, पण निघून गेलं तोंडातून. "देवानं नाकात ठेवलं, मंग पाठीत काहून नाही ठेवलं?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तेच तर आम्हीही विचारून राहिलो, काकू."

पैसे घेणार नाहीत म्हणे. उलट ऑटोचे देतील. मला जरा शंका आली. हे बाहेर येऊन म्हणतात, "फुकटची गोष्ट वैशूच्या आईले पचत नाही."

संध्याकाळी वरणाला हिंगाची फोडणी दिली आणि सांडशी हातात धरून उभीच राहिले. हा वास ज्या नसेने घेतला ती कालपरवाच जन्मलेली असेल. पन्नास वर्षं हे नाक घेऊन फिरते, मला कोणी सांगितलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

मौद्याहून भाऊजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ. मोबाईलवर व्हिडिओ आणला होता. कुठलं तरी सेंटर, खुर्चीतला माणूस इंजेक्शन घेतो आणि पुढच्या चित्रात जिना चढतो. "पेशीच आहेत वहिनी, थेच आहे हे. पण इथं गॅरंटी आहे. आपला प्लॉट काढून टाका, मी गिऱ्हाईक आणतो."

वै. म्हणाली, "काका, गॅरंटी किती वर्षाची? पाय बिघडले तं बदलून देतात का?"

भाऊजींना राग आला. चहा अर्धा ठेवून उठले. मग दारातून परत आले आणि वैशूच्या खुर्चीपाशी बसले, डोळे भरलेले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मांजा गळ्याला लागून ती गाडीवरून फेकली गेली, तेव्हा त्यांनीच उचललं होतं. दोन हातांवर धावत नेलं. त्यांना अजून वाटतं की तेव्हा उचलायला नको होतं, फळीवर घ्यायला हवं होतं. कोणी त्यांना असं म्हणालेलं नाही. तेच म्हणतात.

वैशूने डॉ. बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, पेशी हा शब्द एकच, पण कोणत्या पेशी, कुठे आणि कशा घातल्या, आणि कोणी तपासलं, हे सगळं वेगळं. त्या सेंटरच्या इलाजाचा पुरावा अजून नाही आणि पैसे मात्र घेतात. गॅरंटी देणाऱ्यापासून दूर राहा. आमच्याकडेही आला नाहीत तरी चालेल, पण तिकडे जाऊ नका.

आमच्याकडे आला नाहीत तरी चालेल. हे ऐकल्यावर मला त्यांचं फुकट पचलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबत. पोळ्याचा दुसरा दिवस. गल्लीच्या तोंडावरून पिवळ्या मारबतीचा मोठा पुतळा मिरवत गेला, काय ती गर्दी. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" वैशूची खुर्ची ओट्यावर काढली. तीही ओरडली. मग माझ्याकडे पाहून म्हणे, "आई, तू काय मागितलं?"

"तुहे पाय. दुसरं काय मागू?"

 पोरं पुढे गेल्यावर हळू म्हणाली, "मले चालाचं नाही वं आई. म्हणजे चालता आलं तं नाही थोडी म्हणीन. पण मले लघवी समजली तरी पुरे. तुले दर चार घंट्यानं नळी घेऊन उठा लागते. मले कुठं जाता येत नाही, कोणाच्या लग्नात बसता येत नाही. थे समजलं तं मी राजा."

मी दीड वर्ष देवीला पाय मागत होते. चुकीचं मागत होते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

संमतीचं काम. समोर कॅमेरा लावून डॉ. बाईंनी एकेक गोष्ट सांगितली आणि प्रत्येकीनंतर वैशूला विचारलं, तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. शाळेसारखं.

वाईट काय होऊ शकतं तेही सांगितलं. जंतू लागू शकतात. आग-आग होणारं दुखणं वाढू शकतं. आणि जखम थोडी वर सरकू शकते. म्हणजे आज ती ज्या जोरावर पाठ ताठ धरून बसते, तो जोर जाऊ शकतो.

वै. म्हणाली, "म्हणजे बसून काम करता येणार नाही."

"तसंही होऊ शकतं."

बसून काम हेच तर तिने ह्या दीड वर्षात परत मिळवलेलं. बाकी सगळं गेलेलं.

आज सही फक्त नाकाच्या तुकड्याची. पाठीची नंतर. आणि कधीही नाही म्हणता येतं, टेबलावर झोपल्यावरही, कारण न सांगता. बाप्पा! आमच्याकडे लग्नाची सुपारी फुटल्यावर नाही म्हणायची सोय नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचं जेवण. पहाटेपासून उभी. सोळा भाज्या, आंबील, पुरण. वैशूने खुर्चीत बसून फुलं निवडली. देवीचं फूल, वास न घेता. नैवेद्याचाही वास घ्यायचा नाही. आज ती म्हणाली, "आई, वास न घेता ठेवाचं म्हणजे किती जीवावर येते." मी नाही म्हटलं नाही, खरंच येते.

लोणी कढवलं, तूप छान रवाळ. आठवडाभर रात्री वैशूच्या नाकात कोमट करून दोन-दोन थेंब घालते आहे. गुरुवारी नाकातून तुकडा घ्यायचा आहे. कोरडं नाक काय देणार.

४ सप्टेंबर, गुरुवार

झालं नाही.

डॉक्टरांनी वैशूच्या नाकात बारीक कॅमेरा घातला, पडद्यावर पाहिलं, मग परत पाहिलं. "हे चकाकतंय ते काय?"

मी म्हटलं, तूप.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं दुकानातलं नाही, घरचं, गाईचं. त्याने आणखीच शांतता झाली.

सूचनेच्या कागदावर होतं, नाकात काहीही घालू नये. मी वाचलं होतं, चष्मा लावून वाचलं होतं. मला वाटलं औषधाबद्दल आहे. तूप म्हणजे "काहीही" असं माझ्या मनातच आलं नाही.

डॉ. बाईंनी समजावून सांगितलं. तो तुकडा उबेच्या पेटीत कित्येक आठवडे वाढणार, त्याच्याबरोबर एक जंतू गेला की तोही वाढतो, पेशींपेक्षा जोरात, आणि सगळं फेकावं लागतं. आता दोन आठवडे थांबायचं. परत तपासणी. नाकात काहीही नाही, तेल नाही, तूप नाही, तीर्थ नाही, अंगारा हुंगायचा नाही. सगळी नावं घेतली. म्हणाल्या, "चूक आमची पण आहे काकू. पुढच्या कागदावर तूप असं लिहूनच टाकतो."

ऑटोत वै. म्हणाली, "आई, तू मले नाकातून तळून काढशील."

हे पुढे बसलेले. खांदे हलताना दिसले. हसत होते.

घरी आलो. देवघरात गेले आणि तिथे हसू आलं. मग रडू.

१८ सप्टेंबर, गुरुवार

झालं. तांदळाच्या कणीएवढा तुकडा. लालसर पाण्याच्या नळीत तरंगत होता. एक मुलगी तो छोट्या पेटीत घालून घेऊन गेली, लिफ्टचं दार बंद झालं.

वैशू इथे माझ्यासमोर, आणि वैशूचा एक कण तिकडे. जिवंत. माझ्या पोटातून एकदा बाहेर आली ती, आता तिच्यातून हे.

नाक बंद. वास काहीच येत नाही तिला. येईल परत म्हणाले.

खर्च: ऑटो (दवाखान्याकडून), केळी, नाकावर बांधायची पट्टी.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. परडीत माती घातली, गहू पेरले, पाणी शिंपडलं. वै. म्हणाली, "तिकडं बी घट बसले असतील आता. पेटीत."

देवीपुढे बसले आणि नवस बोलायला तोंड उघडलं. मागून आवाज, "नवस बोलू नको वं. देवी बी म्हणेल, माहीत नाही काकू."

कारटी.

पण नाही बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा देवीसमोर काही न मागता बसले. कसं बसायचं ते कळत नव्हतं. हात कुठे ठेवायचे तेही.

३० सप्टेंबर, मंगळवार

अष्टमी. आज पाहिलं.

आज लिहिता येणार नाही असं वाटतं, तरी लिहिते.

पेशी वाढवतात त्या खोलीच्या आत जाता येत नाही. काचेच्या अलीकडे संगणकाचा पडदा. मी चपला बाहेर काढल्या. तिथली मुलगी म्हणाली काढायची गरज नाही. मी काढल्या.

आधी काही कळेना. करड्या पाण्यात लांबट-लांबट काही. मधे फुगलेलं, दोन्ही टोकांना निमुळतं, गव्हाच्या पोकळ लोंबीसारखं. डॉ. बाई म्हणाल्या, ह्या वैशालीच्या पेशी. मग त्यांनी दिवसभराचं चित्रण पळवून दाखवलं, आणि त्या चालायला लागल्या.

चालतात. टोक पुढे काढतात, चाचपतात, थांबतात. दुसरीला टोक लागलं की थरथरतात आणि तिच्या बाजूने सरकायला लागतात. मग तिसरी येते. कोणी सांगत नाही त्यांना. डोळे नाहीत, कान नाहीत. अंधाऱ्या पेटीत आईपासून दूर.

माझ्या माहेरी उमरेडला चार माग होते. जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की बायका मागाखाली बसून नव्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाशी धरायच्या, राखेची चिमूट घेऊन पीळ द्यायच्या. हजारावर धागे. डोळे जायचे बायकांचे. इथे धागाच उठून धागा शोधतो.

हेही विणकर होते, दुकानात लागायच्या आधी. काचेला नाक लावून उभे. किती वेळाने म्हणाले, "आपणच शोधून राहिला गा." कोणाला म्हणाले, कोणास ठाऊक.

मी विचारलं, "त्याइले भूक लागते?"

लागते. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं पाणी बदलतात, त्यात त्यांचं खाणं असतं. रविवारी पण? रविवारी पण. दसऱ्याला? डॉ. बाई म्हणाल्या, दसऱ्याला माझीच पाळी आहे, काकू.

मी हात जोडले. पडद्याला जोडले, की त्यांना, की त्या लोंब्यांना, मला सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या सगळ्यांच्या पेशी अशा वाढत नाहीत, एकाच्या वाढल्या नव्हत्या, त्याला परत पाठवावं लागलं. त्याची आई मनात आली.

घरी आले तर परडीतले गहू बोटभर वर आलेले.

१२ ऑक्टोबर, रविवार

पोह्यांचा चिवडा करत होते. आतल्या खोलीतून वै. ओरडली, "आई, कढीपत्ता जळून राहिला!"

जळत होता.

कढई उतरवून आत धावले. दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. तिचं नाक परत आलं होतं. जिथून तुकडा घेतला तिथे नव्या नसा आल्या, आणि त्यांनी वाट काढली, आणि पहिली खबर आणली ती जळक्या कढीपत्त्याची.

चिवडा जरा कडवट. डबा भरला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. परवा दवाखान्यातून फोन आला, पेशी पुऱ्या वाढल्या, तपासण्या स्वच्छ. पाठीचं ऑपरेशन ३ तारखेला ठेवतो, कळवा.

वै. म्हणाली, थांबा.

दोन दिवस झाले, काम करते, जेवते, बोलत नाही. दुकानदाराने दात्यादात्यांच्या करवती काठाचे चार नमुने मागितले आहेत, ती मान वर करत नाही. काल भाऊबीजेला भाऊजी आले होते. त्यांचं आता उलट. "नोको करू बाबू. बसता येते, कमावते, आहे थे का कमी आहे? गेलं तं?" 

आज नळी काढून झाल्यावर तिने माझा हात धरला. "तू सांग वं. करू का नको?"

कर म्हणावं तर उद्या तिला बसता आलं नाही तर? नको म्हणावं तर त्या तिकडे पेटीत. मला दोन्ही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मले माहीत नाही वैशू."

"तू बी डॉक्टर झाली?"

मग संगणकाच्या पडद्याकडे पाहत, "नवा काठ काढते ना मी, तं पहिला नमुना बहुतेक बिघडतेच. पण पहिला काढल्याशिवाय दुसरा निघत नाही." आणि मग, "बिघडला तं तू रडू नको. मी रडीन. तू मले उठवून बसवजो."

फोन तिनेच केला.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी नेलं. दाराशी डॉ. बाईंनी तिला परत विचारलं, अजूनही नाही म्हणू शकता. वै. म्हणाली, "मॅडम, आता विचारू नका, खरंच म्हणून टाकीन."

आम्ही बाकावर. थोड्या वेळाने तुकडा घेऊन गेलेली तीच मुलगी छोटी पेटी घेऊन आमच्यासमोरून आत गेली. ओळखली मी पेटी. उभी राहिले. हेही उभे राहिले. बाकीचे लोक पाहत होते कोण मोठं माणूस आलं म्हणून.

दुपार टळल्यावर बाहेर आणली. ठीक आहे. पेशी आपल्या जागी ठेवल्या.

आज तिच्या नाकातलं तिच्या पाठीत आहे. ह्यापुढे मला लिहिता येत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

बसता येत नाही. धरून बसवलं की डावीकडे कलंडते. पोटाभोवती आग होते म्हणते, जणू निखाऱ्यांचा पट्टा बांधला. डॉ. बाई म्हणतात सूज आहे, उतरू द्या. किती दिवस? सांगता येत नाही.

रडली नाही ती. मी पण नाही. संडासात जाऊन आले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तसंच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज कसरत घेणाऱ्या ताईंनी हात सोडले आणि ती बसली. डुलली, पण बसली. मग दोन्ही हात वर केले, दहीहंडी फोडल्यासारखे.

ह्यांनी वॉर्डातल्या सगळ्यांना संत्री वाटली. नरखेडची, गोड. मी म्हटलं अर्धी घरी न्या. नाही म्हणाले.

आग आहेच. पण बसते. गेलेलं परत आलं. जिथे होतो तिथे आलो. इथे परत यायलाच केवढी देवाची करणी लागली.

२ डिसेंबर, मंगळवार

घरी. खुर्ची, संगणक, खाट. सकाळ-संध्याकाळ कसरत, तीही अभ्यासाचाच भाग. पेशींनी वाट केली तरी त्या वाटेने कोणी चालायला हवं, म्हणाले.

ती झोपली की तिच्या पाठीकडे पाहते. आत काय चाललं असेल. टोक पुढे काढत असतील, चाचपत असतील. की नसतील. बाहेरून पाठ जशी असते तशीच. एक लांब व्रण, आता गुलाबी.

मला विश्वास ठेवायला देव होता तेव्हा सोपं होतं, तो दिसत नाही हे धरूनच चालायचं. ह्या पेशींना मी डोळ्यांनी चालताना पाहिलं आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

पहिली तपासणी. आज नवीन शिकले. डोळे मिटायला सांगतात आणि कापसाची वात अंगाला लावतात. लागली की म्हणायचं, आता. पण मधे-मधे डॉ. बाई वात लावतच नाहीत, नुसत्या थांबतात. मन फार खोटं बोलतं म्हणाल्या, मुद्दाम नाही, आशेनं बोलतं. म्हणून.

पायाला काही नाही. मांडीला नाही. कमरेला पट्टा बांधतात त्याच्या खाली, उजवीकडे, चार बोटांच्या जागेत तीनदा बरोबर, दोनदा चूक. डॉ. बाईंनी परत केलं. ह्या वेळी उलट.

त्यांनी काही तरी लिहिलं. मी विचारलं, आहे का? त्या म्हणाल्या, "असेल. नसेलही. मार्चमध्ये परत पाहू." मग पेन बंद करून, "मलाही आजच पाहिजे होतं, काकू."

४ जानेवारी, रविवार

दुपारी वै. म्हणाली, "आई, इकडे ये. हात गार आहेत का तुहे?"

भांडी घासून आले होते. गार होते.

"थ्या जागेवर लाव. मी डोळे मिटते. मॅडमसारखं कर, लबाडी नाही."

खाटेवर कुशीवर वळवली. हे दारात येऊन उभे राहिले, मी त्यांना बोटाने गप्प केलं. चार बोटं ठेवली, पट्ट्याखाली, उजवीकडे.

"आता," ती म्हणाली.

 बोटं उचलली. मांडीवर ठेवली, माझ्या. थांबले.

"आता."

माझी बोटं माझ्या मांडीवर.

"बरोबर ना वं? दोन्ही?"

हे माझ्याकडे पाहत होते. हो म्हण, असं डोळ्यांनी. किती सोपं होतं. पोरीचं तोंड भिंतीकडे, तिला काय दिसणार.

मी म्हटलं, "दुसऱ्या वेळी हात नव्हता, वैशू."

 मला वाटलं रडते. खांदा हलला. मग आवाज आला, हसत होती की काय, "म्हणजे पहिल्या वेळी होता."

"होता."

"मंग आणखी एकदा. लाव नाही तं नको लावू. मी सांगते."